तांब्यातला पोचा

"हे असंच आहे?" लांजेकरांनी विचारलं.

त्यांचा अंगठा वाकवलेल्या पत्र्याच्या मॉडेलवरून खाली घसरत आला होता आणि उजव्या अंगाला एका जागी अडकला होता. तांबट आळीतल्या त्या अंधाऱ्या खोलीत दाराशी जेवढा उजेड येत होता तेवढ्यात त्यांनी ते मॉडेल धरलं होतं. शेजारच्या तीन-चार कारखान्यांत हातोडे चालू होते, त्यामुळे ओरडून बोलावं लागत होतं.

"हो," मी ओरडलो.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. लांजेकरांना ऐकू कमी यायचं. त्या आळीत पन्नाशी उलटलेल्या कुणालाच धड ऐकू येत नसे. जन्मभर कानाशी तांबं ठोकल्यावर दुसरं काय होणार? जवळचं बोलणं ते ओठांवरून बरोबर टिपायचे. लांबचं असलं तर बायको जवळ येऊन सांगायची.

"म्हणजे हा खळगा साहेबांनीच घेतलाय?"

"हो काका. सरांचंच आहे ते."

त्यांनी मान डोलावली, मॉडेल खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. माझ्या पाठीवरून घामाची धार खाली गेली. ती दुसऱ्या कुणाला दिसली नाही, पण मला ती तीस वर्षांनंतर अजूनही आठवते.

साल ब्याण्णव. मी चोवीस वर्षांचा, आर्किटेक्चरची पदवी ताजी, आणि सबनीस सरांच्या ऑफिसात लागून जेमतेम चार महिने झालेले. सर अमेरिकेत काही वर्षं राहून आले होते आणि येताना सरळ रेषेचा तिटकारा घेऊन आले होते. तेव्हा ते एका शिक्षण संस्थेचं नाट्यगृह बांधत होते. त्याला देवळासारखे खांब होते, पण अर्ध्यात कापलेले. कमान होती, पण मधोमध चिरलेली, आणि सगळ्याला रंग गुलाबी. "जुन्याला नमस्कारही करायचा आणि त्याची थट्टाही करायची, याला पोस्टमॉडर्न म्हणतात," असं सर सांगायचे. संस्थेच्या विश्वस्तांना थट्टा कळली नाही, नमस्कार तेवढा कळला, म्हणून नकाशे मंजूर झाले.

आणि या सगळ्यावर, दर्शनी बाजूला, बत्तीस फूट उंचीचा एक तांब्याचा आकार. तो वाऱ्याने फुगल्यासारखा वर जात होता आणि टोकाला वळत होता. विश्वस्तांपैकी एकजण त्याला पदर म्हणाले, दुसरे शीड म्हणाले. सर म्हणाले, "तो कशासारखाही नाही. तो फक्त आकार आहे." मी हेच पुढे लांजेकरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे काहीच नाही, पण तांब्याचं."

त्या आकाराचं ड्रॉइंग नव्हतं. असले वळसे काढून देणारे कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हते आणि हाताने ते कागदावर येत नव्हते. सरांनी एका रविवारी बसून पातळ पत्र्यातून सोळा इंचांचं मॉडेल स्वतःच्या हाताने वाकवलं. मॉडेलवरचा एक इंच म्हणजे भिंतीवरचे दोन फूट. "हेच ड्रॉइंग," सर म्हणाले. "हे बघायचं आणि करायचं. घोसाळकर, तुमचा पाय मोडला तरी चालेल, याला धक्का लागता कामा नये. रिक्षाने जा." त्याच संध्याकाळी ते तीन महिन्यांसाठी अमेरिकेत व्याख्यानं द्यायला गेले.

मी रिक्षाने गेलो नाही. माझ्याकडे नवीकोरी लूना होती आणि ती चालवायची मला हौस होती. मॉडेल पिशवीत घातलं, पिशवी हँडलला अडकवली. शनिवारवाड्यापाशी एका हातगाडीचा दांडा पिशवीला घासून गेला. फार काही नाही, एवढासा आवाज झाला. उघडून बघितलं तर उजव्या अंगाला पोचा पडलेला, सुपारीएवढा. मी तो आतून अंगठ्याने दाबून काढायला गेलो, तर तो बाहेर यायच्या ऐवजी त्याला एक घडी पडली आणि कड उमटली. तिथे रस्त्याच्या कडेला, उसाच्या गुऱ्हाळासमोर उभं राहून मी ठरवलं की हे कुणाच्या लक्षात येणार नाही.

आणि लांजेकरांच्या ते पाचव्या मिनिटाला लक्षात आलं.

लांजेकर म्हणजे गजानन विठ्ठल लांजेकर. साठीच्या जवळ आलेले, अंगाने सडपातळ, पण मनगटं बघावीत तर पैलवानाची. आळीत बाकी सगळे बंब आणि हंडे करायचे, स्टील आल्यापासून तेही कमी झाले होते. लांजेकरांचं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या एकाला एक लागून घेतलेल्या चकचकीत ठोक्यांचं काम, असं एकसारखं असायचं की हात फिरवला तर कुठे सुरू झालं नि कुठे संपलं कळायचं नाही. परदेशी जायच्या आधी सर स्वतः त्यांच्याकडे येऊन गेले होते. त्यांनी भिंतीवर टांगलेली एक परात दहा मिनिटं बघितली आणि म्हणाले, "काम तुम्हीच करायचं. आणि उद्घाटनाच्या दिवशी स्टेजवरून तुमचं नाव घेणार, सगळ्यांसमोर."

लांजेकरांनी बायकोकडे बघितलं. इंदूकाकूंनी ते त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, वर एकदा खात्री करण्यासाठी पुन्हा सांगितलं.

"नाव कशाला?" लांजेकर म्हणाले. पण कान लाल झाले होते.

हे नावाचं प्रकरण मला पुढे काकूंनी समजावलं. कारखान्याच्या पायरीवर बसून त्या चिंचेच्या कोळाने पत्रे घासत असायच्या. "आमच्याकडे भांड्यावर नाव घालायलाही ह्यांच्याकडेच येतात बघा. मुलीच्या लग्नात दिलं तर बापाचं नाव, कुणी वारलं तर त्याच्या आठवणीचं. पन्नास वर्षांत हजारो नावं घातली असतील ह्यांनी. पण करणाऱ्याचं नाव कधी भांड्यावर बघितलंय तुम्ही?" नव्हतं बघितलं. आमच्या घरी आजोबांच्या नावाचा हंडा होता, तो कुणी केला हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. "म्हणून म्हटलं," काकू म्हणाल्या, "एकदा कुणीतरी घेऊ दे की."

मग काम सुरू झालं. लांजेकरांनी मॉडेलवर काजळाने चौकोन आखले, जमिनीवर खडूने तेच चौकोन मोठे आखले, आणि एकेक पत्रा तापवून, पाण्यात विझवून, मऊ करून ठोकायला घेतला. एकूण अठ्ठेचाळीस पत्रे. ते साइटवर लोखंडी सांगाड्यावर बसवायचे होते. मी रोज दुपारी जायचो, मापं घ्यायचो, चहा प्यायचो. मला ते आवडायला लागलं होतं. काका मला चिडवायचे. "आर्किटेक्ट, हात बघू. बाईसारखे मऊ. द्या हातोडी." मी चार ठोके मारायचो, ते सगळे वाकडे पडायचे, आणि ते माझे ठोके शांतपणे मठारून मोडून टाकायचे. काकू मला आग्रहाने शेंगदाण्याचा लाडू द्यायच्या. मुलं नव्हती त्यांना.

एक महिना झाला तेव्हा काकांनी हातोडी खाली ठेवली आणि मॉडेल उचललं.

"घोसाळकर, उजवीकडचा तो आकार. साहेबांना फोन करून एकदा विचारून घेता?"

"अमेरिकेला?"

"लागतो की फोन. लोक करतात."

मी हो म्हणालो. फोन केला नाही. काय विचारणार होतो? सर, मी मॉडेल चेपलं, ते तसंच करू का? आठवडाभर टाळलं, आणि मग एका दुपारी, त्यांनी विचारायच्या आत, मी स्वतःच म्हणालो, "काका, बोललो सरांशी. असंच ठेवा म्हणाले."

खोटं बोलण्याची पायरी एकदा चढली की पुढच्या पायऱ्या दिसतच नाहीत. मी तर वरून त्यात खुलासा घातला, की आजकालच्या वास्तुकलेत असं मुद्दाम करतात, एक गुळगुळीत आकार घ्यायचा आणि त्याला कुठेतरी मोडायचं. काका माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकत होते. "असं करतात होय," ते म्हणाले. त्यांनी दुसरा पत्रा घेतला.

त्यांनी पंचेचाळीस पत्रे पुरे केले. उजवीकडचे ते तीन राहिले. खालचे, वरचे, डावीकडचे, सगळे झाले आणि साइटवर गेलेसुद्धा, पण हे तीन कोपऱ्यात सपाटच्या सपाट उभे. कंत्राटदार घाई करत होता. एक दिवस काकांनी मला समोर बसवलं.

"हे बघा. तांबं आत घालायचं म्हणजे ते ताणायचं. एवढा खोल खळगा घ्यायचा, वर त्याला ही अशी कड, म्हणजे पत्रा तिथे कागदासारखा पातळ होणार. पुन्हा सरळ करीन म्हटलं तर फाटेल. नंतर माघारी यायची सोय नाही. शेवटचं विचारतो. करू?"

दारात काकू चिंच कोळत बसल्या होत्या. त्यांनीही मान वर केली होती.

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. सर तर हजर नव्हते, काकांनी मला मारलं नसतं, फार तर हसले असते. पण मला वाटलं, इतके दिवस मी यांच्याशी खोटं बोललो हे यांना कळेल, आणि उद्यापासून लाडू मिळणार नाही. खरंच, एवढ्या हलक्या गोष्टीसाठी.

"करा काका," मी म्हणालो.

एकोणीस दिवस लागले त्यांना. तीन पत्रे जोडून, भट्टीत पुन्हा पुन्हा तापवून, आतून बाहेरून ठोकून. उजवं मनगट सुजलं, त्यावर काकू रोज हळदीचा लेप लावायच्या. आणि मला हे सांगायला हवं की तो खळगा देखणा झाला होता. सपाट जागी ऊन नुसतं पसरायचं, तिथे ते साठायचं. माणूस आत बसेल एवढा तो मोठा होता आणि त्याच्या कडेवर मठारलेले ठोके तांदळाएवढे बारीक होते. सुपारीएवढ्या पोच्यातून त्या माणसाने हे काढलं होतं.

सर परत आले ते उद्घाटनाला दहा दिवस असताना. विमानतळावरून घरी जाऊन, अंघोळ करून ते थेट साइटवर आले. परांचीवरचं कापड आम्ही काढलं. काका मुद्दाम धुतलेली टोपी घालून आले होते आणि हात मागे बांधून दहा-बारा पावलांवर उभे होते. काकू खालच्या पायऱ्यांवर बसून सर्वांत खालचा पत्रा घासत होत्या.

सरांनी वर बघितलं.

"ते काय आहे?"

"कुठलं, सर?"

"मला वेड्यात काढू नका, घोसाळकर. तो खड्डा. माझ्या मॉडेलमध्ये असलं काही नव्हतं."

सरांची पाठ काकांकडे होती. काकांना सरांचे ओठ दिसत नव्हते, माझे त्या अंतरावरून कळत नव्हते. ते नुसते आमच्याकडे बघत होते आणि हसत होते. कौतुक चाललंय असं त्यांना वाटत होतं.

"कोणी सांगितलं त्याला हे करायला?" सरांनी विचारलं. "तुम्ही?"

"नाही सर. मी बाक जरा खोल घ्या एवढंच म्हटलं होतं." माझा आवाज अगदी व्यवस्थित येत होता. "त्यांना ऐकू कमी येतं ना. काय ऐकलं कोण जाणे. वयही झालंय आता."

पायऱ्यांवरून चिंचेचा चोथा घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मी तिकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

"बहिऱ्या माणसाला काम द्यायचं आणि वर लक्षही ठेवायचं नाही," सर म्हणाले. "चूक तुमचीही आहे. उद्या ते तीन पत्रे कापून काढा. भोसरीतून मशीनवर सपाट पत्रा वाकवून आणा आणि लावा. आणि आभाराच्या यादीतून त्याचं नाव काढा. ज्याने माझं काम बिघडवलं त्याचे आभार मी मानणार नाही."

सर गेल्यावर काका जवळ आले. "काय म्हणाले साहेब?"

"बघतो म्हणाले," मी सांगितलं.

पत्रे कापले त्या दिवशी मी काकांना साइटवर येऊच दिलं नाही, काहीतरी कारण सांगितलं. पण कापलेला पत्रा ठेवायला जागा नव्हती, आणि सर म्हणाले, त्याचा त्याला देऊन टाका. म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दुपारी, बुधवारी, मी तो टेम्पोत घालून तांबट आळीत नेला. मागच्या बाजूने कापलेल्या कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या.

काकांनी तो बघितला. हात लावला नाही.

"काका, मला काहीतरी सांगायचंय," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. लूना, हातगाडी, अंगठ्याने दाबलं ते, सरांना फोन केला नव्हता ते. फक्त साइटवर सरांना काय बोललो तेवढं सांगितलं नाही. काकू खोलीच्या आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांच्यादेखत ते तोंडातून निघेना.

माझं संपल्यावर काका म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"पोचा आहे ते. पहिल्या दिवशी कळलं. अहो, मी तांबट आहे. आयाबाया रोज चेपलेली भांडी घेऊन येतात. घडवलेल्या खळग्याला कड नसते, पडलेल्याला असते. अंगठा लावला की कळतं."

"मग केलंत कशाला?"

"तीनदा विचारलं तुम्हाला. ते पत्रे शेवटपर्यंत मागे ठेवले. म्हटलं, पोरगं आज सांगेल, उद्या सांगेल. चौथ्यांदा विचारलं असतं तर तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखं झालं असतं. कामाला आलेल्या माणसाला तसं म्हणू नये." ते खाली बसले, सुजलेलं मनगट चोळत. "आणि जन्मभर पोचे काढले. म्हटलं, एक घालून बघू."

ते हसले. मला रडू आलं. मी चोवीस वर्षांचा घोडा त्या कारखान्यात ढसाढसा रडलो आणि रडताना मला बरंही वाटत होतं, की आता सांगून झालं, आता सुटलो.

काकांनी मला पाणी दिलं. "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"सांगतो. उद्या आभार मीच मानणार आहे. स्टेजवरून सांगतो."

"पोच्याचं नका सांगू हवं तर. तुमची नोकरी आहे. पण पंचेचाळीस पत्रे आहेत माझे त्या भिंतीवर. नाव तेवढं घ्या." थांबून ते म्हणाले, "ही सगळ्या आळीत सांगून बसलीय."

"घेतो काका. शब्द देतो."

मी दारातून निघालो तेव्हा काकू बाजूला झाल्या. मला वाट द्यायला जितकं व्हावं लागतं त्याहून जास्त बाजूला झाल्या.

गुरुवारी सकाळी दहा वाजता नाट्यगृह गच्च भरलं होतं. मंत्री आले, दिवा लागला, ज्याला नारळ मिळाला त्याने नारळ घेतला. सरांनी त्या तांब्याच्या आकाराबद्दल वीस मिनिटं भाषण केलं. मग आभार. मी माइकपाशी गेलो. यादी मीच टाइप केली होती, तिच्यात नवव्या ओळीवर सरांनी लाल पेनने रेघ मारली होती. रेघेखालून नाव नीट वाचता येत होतं.

लांजेकर आठव्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्यांवर बसले होते. नवा कोट, नवी टोपी. काकू हिरव्या इरकलीत. आठव्या रांगेतून त्यांना माझे ओठ कळणं शक्यच नव्हतं, म्हणून काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

मी वाचायला लागलो. कंत्राटदार. विजेचं काम करणारे. खुर्च्या पुरवणारे. मखमली पडदा शिवणारे. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. आठवी ओळ झाली. मी थांबलो. माझ्या डाव्या हाताला तीन फुटांवर सर बसले होते, त्यांनी पायावर पाय टाकला होता आणि त्यांचा वरचा पाय हलत होता. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. तोंड उघडलं होतं मी. लोकांना वाटलं, मला घोट घ्यायचाय. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला.

मी पाणी प्यायलो आणि दहावी ओळ वाचली. मांडववाले. अकरावी, चहावाले. चहावाल्यांना सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांत मी आठव्या रांगेकडे बघितलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. सरळ, पापणी न हलवता. मग त्या नवऱ्याकडे वळल्या, त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि मान डोलावून हसल्या. घेतलं, असं म्हणाल्या. एवढ्या लांबून मला त्यांचे ओठ वाचता आले.

काका उठले. टोपी सारखी केली. आधी स्टेजकडे वळून त्यांनी हात जोडले, मग मागे सगळ्या नाट्यगृहाकडे वळून जोडले. टाळ्या चहावाल्यांच्या होत्या, त्या अजून चालू होत्या. मागच्या रांगेतला एकजण त्यांना म्हणाला, "आजोबा, बसा ना खाली, दिसत नाहीये." ते त्यांना ऐकू गेलं नाही. ते हात जोडून उभेच होते.

कार्यक्रम संपल्यावर ते मला शोधत आले. माझा हात दोन्ही हातांत धरला. "शब्द पाळलात," म्हणाले. "आता आपलं काही नाही. झालं गेलं."

काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या. नवऱ्याला ओठ दिसणार नाहीत अशा बेताने त्या माझ्याशी बोलल्या, अगदी साध्या आवाजात. "त्यांना आता काही सांगायचं नाही. कधीच नाही."

"काय म्हणतेय ही?" काकांनी मला विचारलं.

काकू पुढे आल्या आणि त्यांच्या कानात ओरडल्या, "म्हटलं, रविवारी जेवायला या!"

"या की," काका म्हणाले. "यायचंच."

आणि मी गेलो. न जायला काहीतरी कारण सांगावं लागलं असतं आणि माझ्याकडची कारणं संपली होती. काकूंनी पुरणपोळी केली होती. वाढून झालं की त्या लगेच आत जायच्या. काका मात्र जेवणभर बोलत होते. आळीतल्या सगळ्यांना त्यांनी सांगून झालं होतं. आता त्यांना माझ्याकडून बारकावे हवे होते.

"ही म्हणते, माझं नाव घेताना तुमचा आवाज कापला."

"हो काका," मी म्हणालो. "कापला थोडा."

"नुसतं लांजेकर म्हणालात, का पूर्ण?"

"पूर्ण."

"वडिलांच्या नावासकट?"

मी मान डोलावली. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्यासमोर सरकून बसले, जवळ, मला त्यांच्या कोटाचा नवा वास येईल इतके.

"मला ऐकायला नाही मिळालं," ते म्हणाले. "एकदा म्हणून दाखवा ना. तिथे म्हणालात तसंच. मी ओठ बघतो."

काकू तुपाची वाटी घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. मी काकांकडे बघितलं आणि त्यांचं पूर्ण नाव घेतलं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला सांगितलं.